आधी डेटा, मग सिस्टिम : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या महिन्याच्या बहुतेक पत्रांत चित्र एकच आहे. घरात दोन लॅपटॉप, दोन्ही जुने, त्यातला एक जरा कमी जुना. थोरल्यातलं सगळं धाकट्यावर कसं न्यायचं आणि धाकट्यावर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम ठेवायची, एवढंच विचारायचंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले, तेव्हापासून ही पत्रं वाढलीत. दुरुस्तीच्या टेबलापाशी बरीच वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय आणि ते खाली वारंवार भेटेल: हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि ते एकाच दिवशी, एकाच बैठकीत सोडवायला बसू नये. ज्या दिवशी कॉपी, त्या दिवशी फॉरमॅट नाही.

ताई, माझा लॅपटॉप २०१२ चा. विंडोज ७, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. हल्ली फोल्डर उघडायला मिनिटभर लागतं आणि मधूनच टकटक आवाज येतो. मोठ्या भावानं त्याचा २०१६ चा लॅपटॉप मला दिलाय: सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, विंडोज १०. माझी डिस्क काढून सरळ त्यात बसवली तर चालेल का? एकूण डेटा ३१० जीबी आहे, त्यात १८० जीबी फोटो. आणि सिस्टिम कोणती ठेवू?

टकटक ऐकू येतेय ना, मग हे वाचून होईपर्यंत तो लॅपटॉप बंद ठेवा. डिस्कचं हेड एखादी जागा वाचायला जातं, वाचता येत नाही, मागे येतं आणि पुन्हा जातं, त्याचा तो आवाज. अशा डिस्कवर डीफ्रॅग, चेकडिस्क, व्हायरस स्कॅन यातलं काहीही चालवू नका. हे सगळे प्रकार डिस्कचा कानाकोपरा पिंजून काढतात, आणि तुमच्या डिस्ककडे तेवढं आयुष्य उरलंय की नाही हे आत्ता कुणालाच ठाऊक नाही.

डिस्क काढणं अवघड नाही. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा. मग मागच्या झाकणाचे स्क्रू. त्या काळातल्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा डिस्क असते. तिला साटा-टू-यूएसबी केबल किंवा केसिंग लावा. अडीच इंची डिस्क यूएसबीच्या पाच व्होल्टवर चालते, वेगळा अडॅप्टर लागत नाही. लावायची मात्र थेट लॅपटॉपच्या पोर्टला. हबमधून लावलीत तर वीज अपुरी पडते आणि बरी डिस्कसुद्धा टकटक करायला लागते.

आता ती कशावरून वाचायची? धडधाकट डिस्क असती तर म्हटलं असतं, भावाच्या विंडोजमध्ये लावा आणि कॉपी मारा. तुमच्या बाबतीत मी लिनक्सचा बूट होणारा पेनड्राइव्ह वापरेन: लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम, आणि ती अशा पेनड्राइव्हवरूनच सुरू होते. विंडोजला अशी डिस्क दिसली की ती आपणहून दुरुस्तीचा सल्ला द्यायला लागते आणि एका खराब फाइलपाशी अख्खी खिडकी गोठते. लिनक्समध्ये डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडता येते. तिथं जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचं साधन आहे. ते आधी डिस्कचा चांगला भाग भराभर उचलतं, अडणाऱ्या जागा शेवटासाठी ठेवतं, आणि कुठवर आलो याची नोंद वेगळ्या फाइलमध्ये करतं. मधेच वीज गेली तरी पुढून सुरू. ते अख्खी डिस्क जशीच्या तशी उतरवतं, म्हणून ५०० जीबीपेक्षा मोठी बाहेरची डिस्क लागेल. तुमच्या १८० जीबी फोटोंसाठी ती एरवीही लागणारच होती, कसं ते पुढे येतंच.

डिस्क दिसतच नसेल किंवा टकटकीच्या जागी खरवडल्यासारखा आवाज येत असेल, तर घरचे सगळे प्रयोग थांबवा. डेटा परत मिळवून देणाऱ्या व्यावसायिकांकडे ती न उघडता न्या.

सरळ अदलाबदल मात्र नको. आजारी डिस्क नव्या घरात जाऊन बरी होत नाही, हे झालंच. शिवाय तिच्यावरचं विंडोज ७ जुन्या यंत्राच्या मापाचं आहे. सहाव्या पिढीच्या इंटेलवर यूएसबीचा कारभार ज्या कंट्रोलरकडे असतो त्याचा ड्रायव्हर विंडोज ७ मध्ये मुळातून नाही, म्हणजे माउस लावलात तरी तो मेल्यासारखा पडून राहील. जुन्या लॅपटॉपचं बूट बहुधा जुन्या बायोस पद्धतीचं, भावाच्याचं यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचं. आणि लॅपटॉपसोबत आलेला विंडोजचा परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो, डिस्कशी नाही.

वेळेचा अंदाज आधीच सांगून ठेवते, म्हणजे मध्यरात्री बसून राहावं लागणार नाही. यूएसबी २ वर सेकंदाला ३०-३५ एमबी मिळतात, म्हणजे ३१० जीबीला पावणेतीन तासांच्या आसपास. यूएसबी ३ असेल (आत निळी पट्टी असते तो पोर्ट) तर लॅपटॉपची चांगली डिस्क त्याच्या दुपटी-तिपटीनं पळते. वायफायवरून न्यायचा मोह होतो, पण जुन्या २.४ गिगाहर्ट्झवर सेकंदाला ४-५ एमबी मिळाले तरी तुमचं काम १७ ते २१ तासांचं. दोन लॅपटॉपमध्ये नेटवर्कची केबल टाकलीत आणि दोन्ही पोर्ट गिगाबिटचे असतील, तर ते यूएसबी ३ च्या तोडीस तोड होतं. साधी केबल चालते, पूर्वीसारखी वेगळी क्रॉसओव्हर केबल लागत नाही. तुमच्या आजारी डिस्कला यातलं कुठलंच गणित लागू नाही. ती तिच्या वेगानं देईल तेवढं घ्यायचं.

आता जागा. २५६ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये २३८ जीबी दिसते, कारण कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज १०२४ नं. त्यात सिस्टिम आणि तिचे अपडेट तीस-चाळीस जीबी खाणार, शिवाय एसएसडी काठोकाठ भरली की मंदावते. ३१० जीबी तिथं मावतच नाहीत. तेव्हा फोटो बाहेरच्या डिस्कवर आणि त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर. एकाच डिस्कवर दोन फोल्डर केलेत तर त्या दोन प्रती नव्हेत. लोक हे ऐकून मान डोलावतात आणि पुन्हा तेच करतात.

हमखास विसरणाऱ्या गोष्टीही बघून घ्या: डेस्कटॉपवर पसरलेल्या फाइल, डी ड्राइव्ह, 'पब्लिक' फोल्डर, आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल, थंडरबर्ड किंवा फायरफॉक्सचं प्रोफाइल. शेवटचे दोन 'ॲपडेटा' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात, त्यामुळे नुसतं 'डॉक्युमेंट्स' उचलणाऱ्याच्या हाती ते लागत नाहीत. वाचवलेला संपूर्ण युजर फोल्डर तसाच्या तसा ठेवा, निवडानिवड नंतर.

सिस्टिमचं उत्तर यापेक्षा लहान आहे. मायक्रोसॉफ्टच्या यादीत विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी आणि पुढचे प्रोसेसर आहेत, सोबत टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षेची सोय लागते. तुमची सहावी पिढी त्यात बसत नाही. अटी वगळून पेनड्राइव्ह बनवणारी रूफससारखी साधनं आहेत, चालतंही. पण अशा यंत्राला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि स्वतः निस्तरता येत नसेल त्यानं आपल्या मुख्य लॅपटॉपवर हे करू नये. विंडोज १० साठी घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. नोंदणी केलीत तर तेवढा अवधी मिळतो. ८ जीबी रॅम आणि एसएसडीवर लिनक्स मिंट हे लिनक्सचं रूप उत्तम पळतं, यात मला शंका नाही. पण लॅपटॉपवर तुम्ही काय काम करता ते पत्रात एका शब्दानं नाही, आणि निर्णय त्यावर आहे. पुढचं उत्तर तुमच्यासाठीही समजा.

भाचा म्हणतो लिनक्स टाका, शेजारचे काका म्हणतात विंडोजशिवाय काही खरं नाही. मला मेल, बँक, थोडे हिशेब आणि पत्रं एवढंच लागतं. लॅपटॉप दोन आहेत, दोन्ही साधारण २०१४ चे. कुणाचं ऐकू?

दोघांचं ऐकू नका. एक कागद लॅपटॉपशेजारी ठेवा आणि आठवडाभर जो प्रोग्रॅम उघडाल त्याचं नाव त्यावर लिहा. आठवड्यानं, जे जे ब्राउझरमध्ये होतं ते खोडून टाका: मेल, बँक, बातम्या, व्हिडिओ. ते कुठल्याही सिस्टिमवर सारखंच चालतं. खाली जे एक-दोन उरेल ते निर्णय घेईल, तुमचं वय किंवा लॅपटॉपचं वय नव्हे.

उरलं ते साधी पत्रं आणि साध्या तक्त्यांपुरतं असेल तर लिबरऑफिस पुरतं. 'थोडे हिशेब' म्हणजे एक्सेलमध्ये कुणी मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) घालून दिलेली फाइल असेल, तर सावध. लिबरऑफिस ते सगळे मॅक्रो चालवेलच असं नाही. हिशेबाचं वेगळं सॉफ्टवेअर असेल, डिजिटल सहीचं टोकन असेल, त्याचा ड्रायव्हर फक्त विंडोजचा असेल, तर तेवढ्यासाठी विंडोज लागेल. लिनक्सवर वाइन नावाच्या थराच्या आधारे विंडोजचे काही प्रोग्रॅम चालतात. खेळण्यापुरतं ठीक, पण ज्यावर वर्षाचे हिशेब उभे आहेत ते मी वाइनवर ठेवणार नाही.

भाच्याला सांगा, काही टाकायच्या आधी पेनड्राइव्हवरून मिंट चालवून दाखव. डिस्कला हात न लावता अख्खी सिस्टिम चालते. तेव्हा डेस्कटॉपचा रंग बघत बसू नका. वायफाय जोडा, गाणं लावा, कॅमेरा उघडा, तुमच्या प्रिंटरवर एक पान छापा, स्कॅनर असेल तर स्कॅन करा. शेवटी झाकण मिटा, दहा मिनिटांनी उघडा. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स अडलंच तर ते वायफायच्या चिपपाशी किंवा या झाकणापाशी अडतं. रॅम ४ जीबी असेल तर मिंटचं एक्सएफसीई हे हलकं रूप घ्या, ८ असेल तर सिनॅमन. फक्त ब्राउझरच लागणाऱ्यांसाठी क्रोमओएस फ्लेक्सही आहे: ४ जीबी रॅम, ६४-बिट प्रोसेसर. अँड्रॉइडची ॲप त्यात चालत नाहीत आणि बसवताना ते अख्खी डिस्क पुसून घेतं, दुसऱ्या सिस्टिमला शेजारी राहू देत नाही.

आणि एका डिस्कवर दोन सिस्टिम टाकण्याच्या फंदात कशाला पडता? तुमच्याकडे यंत्रंच दोन आहेत. एकावर लिनक्स, नेटला जोडलेलं, रोजच्या वापराला. दुसऱ्यावर विंडोज तसंच, हिशेबापुरतं, नेट बंद. दोन जुने लॅपटॉप ही अडचण नाहीये, सोय आहे.

कुठलाही लॅपटॉप अजून फिरत्या हार्ड डिस्कवर चालत असेल, तर आधी तिथं साटा एसएसडी बसवा. त्यानं जेवढा फरक पडतो तेवढा सिस्टिम बदलून पडत नाही. रॅम वाढवायची तर २०१४ च्या बऱ्याच लॅपटॉपना डीडीआर३एल लागते, १.३५ व्होल्टची, जुनी १.५ व्होल्टची पट्टी खाचेत बसते पण यंत्र चालू होईलच असं नाही.

माझा छोटा नेटबुक आहे: ॲटम एन२७०, १ जीबी रॅम, विंडोज एक्सपी. त्यातल्या फाइल विंडोज १० च्या लॅपटॉपवर नेटवर्कवरून घ्यायला गेलो तर दोघं एकमेकांना ओळखतच नाहीत. आणि त्या नेटबुकवर आता कोणतं लिनक्स टाकू?

ओळखत नाहीत ते मुद्दामच. एक्सपी फाइल वाटते ती एसएमबी या नेटवर्कवरच्या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीनं, आणि २०१७ च्या शरदातल्या आवृत्तीपासून विंडोज १० ती नव्यानं बसवताना घालतच नाही. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो हिच्यातल्याच भोकातून. ती पुन्हा चालू कशी करायची याच्या कृती ठिकठिकाणी लिहिलेल्या सापडतील, करू नका. पेनड्राइव्हनं न्या, नाहीतर डिस्क काढून केबलनं लावा.

एन२७० हा ३२-बिट प्रोसेसर आहे, आणि तो दरवाजा आता बंद होत चाललाय. लिनक्सच्या रूपांपैकी उबुंटूनं ३२-बिट केव्हाच सोडलं. डेबियन १२ मध्ये ते होतं, ऑगस्ट २०२५ ला आलेल्या १३ मध्ये त्याचा इन्स्टॉलर नाही. डेबियन १२ किंवा अँटीएक्सचं ३२-बिट रूप टाकता येईल आणि सुरूही होईल. पण १ जीबीत आजची वेबसाइट उघडली की पंखा ओरडणार आणि व्हिडिओ अडखळणार. लिहायला, गाणी ऐकायला, जुन्या फाइल वाचायला ठेवा. त्यावर बँक उघडू नका, एक्सपीवर तर अजिबातच नको: त्याचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला.

गेली कित्येक वर्षं मी श्रीलिपीत आणि थोडं कृतिदेवमध्ये टाइप करतेय. हजारभर वर्ड फाइल आहेत, काही पेजमेकरच्या. नव्या लॅपटॉपवर उघडल्या तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. माझं लिखाण गेलं का? आणि लिनक्सवर मराठी टाइप करता येतं का?

गेलं नाही. घाबरून फाइल दुरुस्त करायला मात्र जाऊ नका, आणि उघडलेली फाइल 'सेव्ह' करू नका.

त्या फाइलमध्ये 'क' कधीच नव्हता. एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं होतं आणि श्रीलिपीचा फॉन्ट त्याच्या जागी क काढून दाखवत होता. फॉन्ट नाही तर चिवडा. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा आहे, तिथं साठवलेला क कुठल्याही फॉन्टमध्ये कच राहतो. म्हणून तुमची कामं दोन: लिखाण दिसतंय तसं जपणं, आणि ते युनिकोडमध्ये आणणं. याच क्रमानं.

जुनं सॉफ्टवेअर जिथं अजून चालतं त्या लॅपटॉपवर बसा आणि महत्त्वाच्या फाइलची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसवला गेलाय ना ते तिच्या गुणधर्मांत तपासा, आणि ती नव्या लॅपटॉपवर उघडून बघा. इतकं झालं की मजकूर किमान वाचता येईल, छापता येईल. पेजमेकरच्या फाइलना पेजमेकरच लागतं असं धरून चाला, त्यांची पीडीएफ सगळ्यात आधी. सॉफ्टवेअर डोंगलवर (पोर्टला लावायची परवान्याची कांडी) चालत असेल तर त्या डोंगलला पाकीट करा, नाव लिहा, आणि तो लॅपटॉप भंगारात देऊ नका. नेट काढून कपाटात ठेवा.

मग रूपांतर. रूपांतर करणारं साधन नुसतं 'मराठी'चं असून भागत नाही, ते तुमच्या नेमक्या फॉन्टचं हवं. श्रीलिपीची अक्षरमांडणी वेगळी, कृतिदेवची वेगळी. एकाच फाइलमध्ये दोन्ही असतील तर आधी त्यांचे तुकडे वेगळे करा. चुका कुठे होतात ते सांगते, म्हणजे तपासताना नजर तिथंच जाईल. पहिली वेलांटी: जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते, जोडाक्षर आलं की साधन हमखास घोटाळतं. रफारही तसाच. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यातला अर्धा र, 'ळ', आणि 'ॲ', 'ऑ' यांचे शब्द शोधून शोधून बघा. मजकुरात मधेच खरं इंग्रजी असेल, एखादा ईमेल पत्ता किंवा पुस्तकाचं नाव, तर साधन त्याचंही 'मराठी' करून टाकतं, कारण त्याच्या लेखी सगळंच इंग्रजी होतं. आकड्यांवरही लक्ष ठेवा.

हजार फाइल एका दमात करू नका. ज्या पुन्हा हाताळायच्या आहेत त्याच करा, बाकीच्यांना पीडीएफ पुरे. मूळ फाइल कायम जपा. पुढे चांगलं साधन हाती आलं तर त्याला मूळच लागेल, पहिल्या साधनानं बिघडवलेली प्रत नाही.

लिनक्सवर मराठी उत्तम टाइप होतं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड सिस्टिममध्येच असतो, सेटिंगमध्ये जाऊन मराठी निवडायचं. उच्चारानुसार टाइप करायचं तर आयबस या टायपिंगच्या साधनातून सोय होते. फॉन्टसाठी नोटो आणि लोहित. तुमचा हात मात्र टंकयंत्राच्या मांडणीवर बसलेला असेल, तर पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवर दोन-तीन पानं टाइप करून बघा आणि मगच ठरवा. बोटांची सवय मोडायला लागणारा काळ कुणी हिशेबात धरत नाही.

साडेसहा जीबीचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नाही. पेनड्राइव्हमध्ये ३० जीबी मोकळे आहेत.

पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला आहे. त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, मोकळी जागा कितीही असो. आतला डेटा काढून घ्या आणि एक्सफॅटमध्ये फॉरमॅट मारा. विंडोज, मॅक आणि २०१९ नंतरच्या कर्नेलचं (गाभ्याचं) लिनक्स, तिघंही तो वाचतात. ताजा कलम असा की लिनक्सवरून विंडोजवर आणताना फाइलच्या नावात कोलन, प्रश्नचिन्ह किंवा उभी रेघ असेल तर विंडोज ती नाकारतं. नावं आधी बदलून घ्या.

पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं. विंडोजची डिस्क दिसते, वाचता येते, पण तिच्यात काही ठेवता येत नाही. दुसऱ्या लॅपटॉपवर तर ती उघडतच नाही, कसली तरी किल्ली मागते.

दोन वेगळी कारणं आहेत. पहिल्या लॅपटॉपवर विंडोज खरं बंदच झालेलं नाही. 'फास्ट स्टार्टअप' चालू असलं की शट डाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर लिहून झोपतं, आणि अर्धवट झोपलेल्या डिस्कवर लिहायला लिनक्स नकार देतं. बरोबरच करतं. विंडोजमध्ये जाऊन शट डाउनऐवजी रीस्टार्ट करा आणि त्या रीस्टार्टमध्येच पेनड्राइव्हवरून चालू करा. किंवा पॉवर ऑप्शनमधून फास्ट स्टार्टअप बंद करून टाका. लिनक्समधून हायबरनेशनची फाइल उडवण्याचा पर्याय कुठे दिसला तर तो घेऊ नका.

दुसऱ्यावर बिटलॉकर, म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेलं कुलूप, आहे. मी तर लावलं नव्हतं, असं तुम्ही म्हणाल. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं साइन-इन केलं की काही लॅपटॉपवर डिस्कचं कुलूप आपोआप लागतं. किल्ली ४८ अंकी असते आणि बहुधा त्याच खात्यात ऑनलाइन साठवलेली सापडते. ती कागदावर उतरवा, त्या लॅपटॉपबाहेर. डिस्क काढण्याआधी किंवा बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी हे करायचं, कारण दोन्ही केल्यावर ती मागितली जाते. किल्ली कुठेच नसेल तर त्या डिस्कमधलं कुणालाही काढता येणार नाही, मलाही नाही. विंडोज अजून आतून उघडत असेल तर आजच डेटा बाहेर काढा.

जुना लॅपटॉप चालू केला की प्रत्येक वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणते. व्हायरस असेल का?

उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. २००९ दिसत असेल तर आतली सीआर२०३२ बटण-बॅटरी संपलीय. वेबसाइटचं प्रमाणपत्र ठरावीक तारखांमध्येच वैध असतं, आणि तुमच्या यंत्राच्या मते ती तारीख अजून उजाडायची आहे. बॅटरी बदला, तारीख लावा. काही लॅपटॉपमध्ये ती वायरसकट वेष्टनात असते, तशीच आणावी लागते. हे सगळं बदलण्याआधी केलेल्या कॉपीच्या फाइलवर चुकीच्या तारखा पडल्या असतील, तेही पाहून ठेवा. नवी कुठली आणि जुनी कुठली हे तारखेवरून ठरवू नका. तारीख बरोबर असूनही तेच होत असेल आणि सिस्टिम विंडोज ७ असेल, तर ब्राउझर जुना झालाय. क्रोम तिथं १०९ व्या आवृत्तीवर थांबलं.

सगळं नव्यावर आणलं. जुन्याची डिस्क कधी आणि कशी पुसू? लॅपटॉप एका विद्यार्थ्याला द्यायचाय.

नव्या लॅपटॉपवर निदान महिनाभर काम करा. महिन्याभरात एखादी फाइल, एखादा पासवर्ड, एखादी विसरलेली पीएसटी आठवतेच. आधी मोजणी: दोन्हीकडे फोल्डरच्या गुणधर्मांत जाऊन फाइलची संख्या आणि बाइट जुळतायत का पाहा, मग वेगवेगळ्या वर्षांचे थोडे फोटो आणि दस्तऐवज उघडून पाहा. आकडा जुळूनही फाइल रिकामी निघू शकते. जुन्या यंत्राशी बांधलेले सॉफ्टवेअरचे परवाने तिथून सोडवून घ्या, खात्यांतून साइन-आउट करा.

फिरत्या डिस्कवर विंडोजमधून 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट मारा. व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट डिस्कभर शून्य लिहितो आणि घरगुती गरजेला एक फेरी पुरते. सात-सात फेऱ्या मारण्यात अर्थ नाही. एसएसडीला हा उपाय लागू पडत नाही, तिथं बायोसमधला किंवा डिस्कच्या कंपनीच्या साधनातला 'सिक्युअर इरेज' वापरा. पुसून झालं की विद्यार्थ्यासाठी मिंट टाकून, अपडेट करून द्या. आणि देण्याआधी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून खालून बघा: तो डुगडुगत असेल किंवा टचपॅड वर आलं असेल तर बॅटरी फुगलीय. ती काढून चार्जरवर चालतो का ते पाहा, आणि फुगलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.